हवेतील प्लाझ्माचा वर्णपट: प्रदूषक शोधू पाहणाऱ्या नवोदितांसाठी

हवेत विद्युत ठिणगी उडते किंवा दोन विद्युतअग्रांच्या मधल्या फटीत निळसर-जांभळी प्रभा दिसते, तेव्हा त्या प्रकाशाचा मोठा भाग नायट्रोजनचा असतो, कारण कोरड्या हवेत आकारमानाने ७८ टक्के तोच आहे. या प्रकाशाचा वर्णपट घेतला की त्यात अनेक शिखरे दिसतात आणि नवख्या अभ्यासकाला वाटते की रेषांची यादी समोर ठेवावी आणि प्रत्येक शिखराला एखाद्या मूलद्रव्याचे नाव देऊन टाकावे. हवेच्या बाबतीत ही पद्धत हमखास फसवते. शिसे, क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि कार्बनयुक्त बाष्पे यांच्या खुणा जिथे शोधायच्या, नेमक्या त्याच जागी नायट्रोजनचे पट्टे आधीपासून बसलेले असतात. म्हणून पुढील क्रम असा ठेवला आहे की स्वच्छ हवा स्वतः काय दाखवते हे आधी पक्के व्हावे आणि मगच तिच्यात मिसळलेल्या पदार्थांकडे वळावे.

कोणता प्लाझ्मा घ्यावा

प्रदूषक कोणत्या रूपात आहे यावर प्लाझ्माची, म्हणजे आयनित वायूची, निवड अवलंबून असते. डायइलेक्ट्रिक बॅरियर डिस्चार्ज, म्हणजे दोन विद्युतअग्रांच्या मध्ये काचेची किंवा सिरॅमिकची पट्टी ठेवून उच्च प्रत्यावर्ती विद्युतदाबाने घडवलेले विद्युत विसर्जन, हा थंड प्लाझ्मा आहे. त्यातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काही इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे तापमानाच्या भाषेत काही दहा हजार केल्विन. पण खुद्द वायू खोलीच्या तापमानापेक्षा फारसा तापत नाही. असा प्लाझ्मा वायूचे रेणू उत्तेजित करतो, काहींचे तुकडेही करतो, परंतु धुळीच्या कणातील धातू बाष्परूपात बाहेर काढण्याइतकी उष्णता त्याच्याकडे नसते. याउलट धारित्रातून सोडलेली जोरदार ठिणगी किंवा लेसरचा केंद्रित स्पंद यांतून होणारा प्लाझ्मा सुरुवातीला दहा हजार केल्विन किंवा त्याहून जास्त तापतो आणि कणाचे अणूंपर्यंत विघटन करतो. कार्बनी बाष्पांचा अभ्यास असेल तर थंड विसर्जन चालते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे धातू हवे असतील तर ठिणगी किंवा लेसर यांना पर्याय नाही. थंड विसर्जनात धातूच्या रेषा दिसल्या नाहीत म्हणून हवा धातुमुक्त आहे असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

विद्युतअग्रे निवडताना एक गोष्ट विसरली जाते. सहज कापता येणाऱ्या पितळात मुद्दाम शिसे मिसळलेले असते आणि जुन्या पद्धतीच्या डाखातही शिसे असते. शिसे शोधण्यासाठी पितळी अग्रे लावली, तर उपकरण स्वतःचेच शिसे प्रामाणिकपणे दाखवत राहील. टंगस्टन, शुद्ध तांबे किंवा ग्रॅफाइट वापरावे आणि त्यांच्या स्वतःच्या रेषा ओळखून ठेवाव्यात. तांब्याच्या ठळक रेषा ३२४.७५, ३२७.४०, ५१०.५५, ५१५.३२ आणि ५२१.८२ नॅनोमीटरला येतात. ग्रॅफाइटमुळे सायनोजेनचे, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांच्या जोड-रेणूचे, पट्टे उमटतात, त्यामुळे कार्बनी प्रदूषकांसाठी ते निरुपयोगी ठरते.

हे काम काही हजार व्होल्टचे आहे आणि ते अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे. वीजपुरवठा बंद केल्यावरही धारित्रात प्रभार शिल्लक राहतो, म्हणून भूसंपर्कित दांडीने तो काढल्याशिवाय मांडणीला हात लावू नये. हवेतील प्रत्येक विसर्जन ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार करते. ओझोनसाठी आठ तासांची व्यावसायिक मर्यादा साधारणपणे दशलक्ष भागांत ०.१ भाग इतकी कमी धरली जाते, तेव्हा बंदिस्त कोष आणि बाहेर जाणारा निष्कास यांची सोय आधी हवी. अतिनील प्रकाशासाठी आणि लेसर असल्यास त्याच्या तरंगलांबीसाठी योग्य चष्मा वापरावा.

प्रकाश गोळा करणे

शिकण्यासाठी सीसीडी (प्रकाशसंवेदी चिप) शोधक असलेला, २०० ते ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहणारा छोटा स्पेक्ट्रोमीटर पुरतो. त्याची विभेदनक्षमता, म्हणजे लगतच्या दोन रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, बहुधा अर्धा ते एक नॅनोमीटर असते. प्रदूषकांच्या कामासाठी ही मर्यादा फार महत्त्वाची आहे आणि तिचा परिणाम पुढे दिसेलच. प्लाझ्मा आणि स्पेक्ट्रोमीटर यांच्यामध्ये जे जे असेल ते क्वार्ट्झचे असावे: भिंग, खिडकी आणि प्रकाशतंतू. साधी काच अतिनील भागात साधारण ३२० ते ३५० नॅनोमीटरच्या खाली प्रकाश अडवू लागते. काचेतून पाहणाऱ्याला पाण्याच्या वाफेतून तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिलचा ३०९ नॅनोमीटरचा पट्टा दिसत नाही आणि तो हवा कोरडी असल्याचा अर्थ काढून मोकळा होतो.

स्पेक्ट्रोमीटरमध्ये प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या विवर्तन जालीचा दुसरा क्रम हाही एक सापळा आहे. नायट्रोजनच्या ३३७.१ नॅनोमीटरच्या तेजस्वी पट्ट्याची प्रतिमा दुप्पट तरंगलांबीला, म्हणजे ६७४.२ नॅनोमीटरला उमटते, तशीच ३५७.७ ची ७१५.४ ला. लाल भागात अनोळखी शिखर दिसले तर तरंगलांबी आधी दोनने भागून पाहावी. नंतर प्रकाशाच्या वाटेत अतिनील अडवणारी पिवळी किंवा नारिंगी गाळणी धरावी. शिखर नाहीसे झाले तर ते दुसऱ्या क्रमाचे होते.

प्रत्येक मापनाआधी प्रकाश पूर्ण झाकून, त्याच मापनकाळाचा अंधारा वर्णपट घ्यावा आणि तो वजा करावा. मापनकाळ असा निवडावा की सर्वांत उंच शिखर शोधकाच्या कमाल मर्यादेच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास राहील. संपृक्त झालेल्या शिखराचे गुणोत्तर निरर्थक असते, आणि वर्णपट सुंदर दिसत असला तरी तो टाकून द्यावा.

तरंगलांबी आणि तीव्रता यांची जुळणी

तरंगलांबीच्या जुळणीसाठी पारा-आरगॉन दिवा उत्तम. तो नसेल तर सीएफएल दिव्यातील पाऱ्याच्या ४०४.६६, ४३५.८३ आणि ५४६.०७ नॅनोमीटरच्या रेषाही कामचलाऊ जुळणी देतात. मात्र त्याच दिव्यातील ६११ नॅनोमीटरच्या आसपासचे लाल शिखर पाऱ्याचे नसून आतील लेपाचे आहे, ते जुळणीत घेऊ नये. संदर्भ कोष्टके वाचताना तरंगलांबी हवेतील आहे की निर्वातातील, हे पाहावे. ५०० नॅनोमीटरजवळ या दोहोंत सुमारे ०.१४ नॅनोमीटरचा फरक पडतो आणि शिशासारख्या प्रकरणात तेवढ्यानेच निकाल बदलतो.

विभेदनक्षमता म्हणजे काय, हे समजण्यासाठी सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ या दोन पिवळ्या रेषा आणि हेलियमची ५८७.६ ची पिवळी रेषा आठवावी. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यातील पिवळी रेषा सोडियमची नाही, हे पटायला वेळ लागला, कारण अंतर दीड नॅनोमीटरहूनही कमी होते. आपल्याकडे हेलियमचा हा शोध, आणि त्याच्याशी जोडलेले इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉक्यर यांचे नाव, विजयदुर्गाशी जोडण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात लॉक्यर १८६८ मध्ये इंग्लंडातच होते आणि विजयदुर्गाला ते १८९८ च्या ग्रहणासाठी आले. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यासाठी यातला कामाचा भाग एवढाच, की एक नॅनोमीटर विभेदनक्षमतेच्या उपकरणात सोडियमची जोडी एकच रेषा म्हणून दिसते.

तीव्रतेची जुळणी बरेच जण टाळतात. शोधकाची संवेदनशीलता तरंगलांबीप्रमाणे कित्येक पटींनी बदलते, त्यामुळे दूरच्या दोन शिखरांची तुलना करायची असेल तर ज्ञात वर्णपटाच्या टंगस्टन-हॅलोजन आणि ड्यूटेरियम दिव्याने काढलेला दुरुस्ती-गुणक लावल्याशिवाय गत्यंतर नाही. शेजारच्या शिखरांपुरते त्याविना भागते.

स्वच्छ हवेचा वर्णपट

आता कोषात स्वच्छ हवा सोडावी. सिलिंडरमधील कृत्रिम हवा मिळाली तर उत्तम. नाही तर खोलीतील हवा सिलिका जेल, सक्रिय कार्बन, सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारा पदार्थ) आणि सूक्ष्मकण गाळणी यांतून नेऊन घ्यावी. हा वर्णपट नीट ओळखण्यात जो वेळ जाईल तो वाया जात नाही, किंबहुना सगळ्या कामाचा भार त्यावरच आहे.

थंड विसर्जनात ३०० ते ४३० नॅनोमीटरचा भाग नायट्रोजन रेणूच्या दुसऱ्या धन संहतीने (पट्ट्यांच्या एका मालिकेचे हे नाव) भरलेला असतो. त्याचे मुख्य पट्टे ३१५.९, ३३७.१, ३५७.७, ३७५.५, ३८०.५, ३९९.८ आणि ४०५.९ नॅनोमीटरला येतात. या पट्ट्यांची कड लांब तरंगलांबीच्या बाजूला तीक्ष्ण असते आणि तीव्रता आखूड तरंगलांबीकडे उतरत जाते. अणूची रेषा मात्र दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. चांगल्या विभेदनक्षमतेच्या उपकरणात केवळ या आकारावरून पट्टा आणि रेषा वेगळ्या ओळखता येतात. ३९१.४ आणि ४२७.८ चे पट्टे आयनित नायट्रोजन रेणूचे आहेत. ३३७.१ च्या उत्तेजित पातळीपर्यंत पोचायला सुमारे ११ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, तर ३९१.४ च्या पातळीला नायट्रोजनच्या मूळ स्थितीपासून १८.७. म्हणून ३९१.४ आणि ३३७.१ यांचे गुणोत्तर वाढले की विसर्जनातील विद्युतक्षेत्र, पर्यायाने इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढली असे समजावे. हे गुणोत्तर रोज नोंदवल्यास प्लाझ्मा कालच्यासारखाच चालू आहे की नाही हे कळते, आणि प्रदूषकाच्या शिखरातील चढउतार प्रदूषकामुळे झाला की विसर्जन बदलल्यामुळे, याचा उलगडा होतो.

हवेत ओलावा असेल तर हायड्रॉक्सिलचा ३०६ ते ३०९ नॅनोमीटरचा पट्टा आणि हायड्रोजनची ६५६.३ ची लाल रेषा येते. जुलैतील मुंबईची हवा आणि जानेवारीतील पुण्याची हवा एकाच विसर्जनात वेगवेगळे वर्णपट देते. तेव्हा सापेक्ष आर्द्रता नोंदवल्याशिवाय दोन दिवसांची तुलना करू नये. लाल आणि अवरक्त भागात ऑक्सिजन अणूचे ७७७ नॅनोमीटरचे त्रिकूट व ८४४.६ ची रेषा, तसेच जास्त तापलेल्या प्लाझ्मात नायट्रोजन अणूच्या ७४२.४, ७४४.२ आणि ७४६.८ या तीन रेषा दिसतात. ५८९ ला सोडियम जवळजवळ नेहमीच डोकावतो. समुद्रकाठी तो हवेतून येत असेल, पण कित्येकदा तो काच हाताळणाऱ्या बोटांच्या घामातून आलेला असतो.

२०० ते २८० नॅनोमीटरमध्ये, विशेषतः २२६.९, २३६.३, २४७.१ आणि २५९.६ ला, नायट्रिक ऑक्साइडचे गॅमा पट्टे येतात. इथे नवोदितांची सर्वांत मोठी फसगत होते. हे पट्टे पाहून हवेत नायट्रोजन ऑक्साइडचे प्रदूषण आहे असे लिहिलेले आढळते. वस्तुतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र असलेल्या कोणत्याही विसर्जनात हा वायू जागच्या जागी तयार होतो आणि सिलिंडरमधील शुद्ध हवाही तेच पट्टे दाखवते. हवेच्या प्लाझ्मातून वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मोजण्याचा नाद सोडलेला बरा. ओझोनचीही गत तीच: तोही विसर्जनातच तयार होतो आणि त्याचे मोजमाप २५४ नॅनोमीटरच्या आसपासच्या शोषणावरून करणेच योग्य. सल्फर डायऑक्साइडमधील गंधकाच्या सोयीच्या अणुरेषा ९२१ नॅनोमीटरच्या परिसरात आहेत, जिथे साधा सीसीडी मंद असतो. हे तिन्ही वायू इतर प्रस्थापित पद्धतींकडेच सोपवावेत.

तापमान काढणे

तापमान म्हणजे एकच आकडा नव्हे. ३३७.१ किंवा ३८०.५ च्या पट्ट्याच्या उतरत्या बाजूचा आकार संगणकीय नमुन्याशी जुळवला की घूर्णन तापमान, म्हणजे रेणूंच्या फिरण्यावरून कळणारे तापमान, मिळते आणि वातावरणीय दाबाला ते वायूच्या तापमानाच्या जवळपास असते. स्पेकएअर ही संगणक-प्रणाली यासाठी वापरली जाते. हायड्रॉक्सिल, सायनोजेन आणि आयनित नायट्रोजन यांच्यासाठी लिफबेस उपयोगी पडते. हायड्रॉक्सिलवरून काढलेले तापमान सावधपणे घ्यावे, कारण तो रेणू उत्तेजित अवस्थेतच जन्माला आला असेल तर तो वायूपेक्षा उष्ण भासतो. ठिणगीसारख्या तप्त प्लाझ्मात तांब्याच्या ५१०.५५, ५१५.३२ आणि ५२१.८२ या रेषांवरून बोल्ट्झमन आलेख (रेषांची तीव्रता त्यांच्या वरच्या पातळीच्या ऊर्जेसमोर मांडणारा आलेख) काढून उत्तेजन तापमान मिळते. पहिल्या रेषेची वरची पातळी ३.८ आणि उरलेल्या दोहोंची ६.२ इलेक्ट्रॉनव्होल्टला असल्याने उतार बऱ्यापैकी निश्चित होतो. इलेक्ट्रॉनांच्या घनतेसाठी हायड्रोजनच्या ४८६.१ रेषेची रुंदी मोजतात. घन सेंटिमीटरला दहाचा सतरावा घात इतकी घनता असेल तर ती सुमारे ४.८ नॅनोमीटर भरते. थंड विसर्जनात ही रुंदी उपकरणाच्या स्वतःच्या रुंदीत बुडून जाते, तेव्हा तिथे हा खटाटोप करू नये.

शिशाचे उदाहरण

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तरी बॅटरी वितळवण्याचे उद्योग आणि इतर स्रोतांमुळे शिसे राष्ट्रीय हवा-गुणवत्ता मानकांत कायम आहे. २००९ च्या मानकांनुसार त्याची मर्यादा २४ तासांसाठी घनमीटरला १.० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक ०.५ मायक्रोग्रॅम आहे. एक घन मिलिमीटरचा प्लाझ्मा थेट हवेत घडवला, तर या मर्यादेवर त्यात सरासरी एक फेम्टोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक, इतकेच शिसे असेल. आणि तेही समान पसरलेले नसून मोजक्या कणांत एकवटलेले, त्यामुळे बहुतेक ठिणग्या कोऱ्याच जातील. म्हणून हवा आधी गाळणी कागदावर ओढावी. मिनिटाला १.१ घनमीटर ओढणारा नमुनायंत्र २४ तासांत जवळपास १६०० घनमीटर हवा ओढतो. तेवढ्या हवेतील १.६ मिलिग्रॅम शिसे सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर कागदावर बसले तर चौरस सेंटिमीटरला ४ मायक्रोग्रॅम होते, आणि हे प्रमाण लेसरने किंवा ठिणगीने पाहण्याच्या आवाक्यात येते. कोरा गाळणी कागदही तपासावा: काचतंतूंचा कागद सिलिकॉन, सोडियम, कॅल्शियम दाखवतो, टेफ्लॉनचा कागद फ्लोरिन आणि कार्बन.

शिशाची सर्वांत वापरली जाणारी रेषा ४०५.७८ नॅनोमीटरला आहे आणि नायट्रोजनचा एक पट्टा ४०५.९ ला. छोट्या स्पेक्ट्रोमीटरला हे दोन वेगळे दिसणे शक्यच नाही. यातून मार्ग असा निघतो की ३८०.५ आणि ४०५.९ हे दोन्ही पट्टे नायट्रोजनच्या एकाच वरच्या पातळीतून निघतात, त्यामुळे विसर्जन कसेही असले तरी त्यांचे गुणोत्तर ठरलेले राहते. तीव्रतेची दुरुस्ती करून फोटॉनांच्या संख्येत मोजले तर ४०५.९ चा पट्टा ३८०.५ च्या साधारण तीन-दशांश भरतो. स्वच्छ हवेत आपल्या उपकरणावर हे गुणोत्तर आधी मोजून ठेवावे. नमुन्यात ते स्पष्टपणे वाढले तरच शिशाचा संशय घ्यावा. नंतर ३६८.३५, ३६३.९६ आणि २८३.३१ या रेषा शोधाव्यात. ४०५.७८, ३६३.९६ आणि २८३.३१ या तिन्ही एकाच वरच्या पातळीतून येत असल्याने शिसे असेल तर त्या एकत्रच दिसायला हव्यात. एकटी रेषा दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

लेसरच्या प्लाझ्मात काळाची मदत घेता येते. स्पंदानंतर पहिल्या काही शेकडा नॅनोसेकंदांत सलग पांढरा प्रकाश सर्व काही झाकतो, मग आयनांच्या आणि त्यानंतर उदासीन अणूंच्या रेषा उठून दिसतात, आणि शेवटी रेणूंचे पट्टे. शोधक एक-दोन मायक्रोसेकंद उशिरा उघडला तर शिशासारख्या अणूची रेषा पार्श्वभूमीतून वर येते.

हीच सावधगिरी इतरत्रही लागते. क्रोमियमची ४२७.५ ची रेषा आयनित नायट्रोजनच्या ४२७.८ शेजारी आहे, म्हणून जोडीला ४२५.४ आणि ४२९.० पाहाव्यात. ॲल्युमिनियमची ३९४.४ नायट्रोजनच्या ३९४.३ च्या पट्ट्यात झाकली जाते, तिच्याऐवजी ३९६.१५ घ्यावी, मात्र कॅल्शियम आयनाची ३९६.८५ शेजारी आहे हे ध्यानात ठेवावे. कार्बनी बाष्पांमुळे येणारा सायनोजेनचा ३८८.३ चा पट्टा आयनित नायट्रोजनच्या ३८८.४ च्या पट्ट्यावर पडतो, ३८७.१ आणि ३८६.२ च्या लगतच्या कडा तसेच ४२१.६ चा पट्टा दिसला तरच सायनोजेन मानावा. त्यातही हवेतील कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मिसळलेला असतो, म्हणून सोडा लाइम लावून आणि न लावता अशी दोन मापने करावीत. टोल्युइन, बेंझीन किंवा आणखी कोणते बाष्प आहे हे सायनोजेनवरून कळत नाही. रेणू तुटल्यावर त्याची ओळख पुसली जाते.

प्रमाण ठरवणे आणि नोंद ठेवणे

ज्ञात प्रमाणाचे किमान चार-पाच नमुने तयार करून त्यांच्या शिखराचे क्षेत्रफळ पार्श्वभूमी वजा करून मोजावे, त्याला त्याच वर्णपटातील एखाद्या स्थिर शिखराने भागावे आणि आलेख काढावा. निदान दहा कोऱ्या मापनांतील प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले आलेखाचा उतार ही शोधमर्यादा होय. आलेख वरच्या टोकाला वाकू लागला तर बहुधा स्वतःचाच प्रकाश शोषला जात आहे असे समजून कमी प्रमाणाचाच भाग वापरावा. गाळणीवरील नमुन्यांचे अंशांकन गाळणीवरच्याच नमुन्यांनी करावे, द्रावणातून वाळवलेल्या काचेच्या तुकड्यावरून नव्हे.

नोंदवहीत विद्युतदाब, प्रवाह किंवा स्पंदाची ऊर्जा, अग्रांतील अंतर, आर्द्रता, तापमान, मापनकाळ, सरासरीतील वर्णपटांची संख्या, उघडण्याचा विलंब आणि त्या दिवशीचे ३९१.४ व ३३७.१ यांचे गुणोत्तर लिहावे. मूळ वर्णपट दुरुस्तीशिवाय जपून ठेवावेत. मानकांत शिशासाठी गाळणीवरील नमुन्याचे अणुशोषण, आयसीपी (प्रेरणाने तापवलेल्या प्लाझ्माची प्रयोगशाळा-पद्धत) किंवा एक्स-किरण प्रतिदीप्ती या पद्धती सांगितल्या आहेत; तेव्हा प्लाझ्माच्या वर्णपटावरून आलेला आकडा प्राथमिक चाचणी म्हणूनच नोंदवावा, आणि तो मर्यादेच्या आसपास असेल तर त्याच कागदाचा उरलेला अर्धा भाग अशा प्रयोगशाळेकडे पाठवावा.